वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं ओव्हरक्लॉकिंग टिकत का नाही?

प्रश्न : ग्राफिक्स कार्डाचा वेग मूळपेक्षा वाढवायला, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला, वापरल्या जाणाऱ्या एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) +१२० आणि मेमरी +४०० केली. त्या वेळी सगळं नीट चालतं, पण दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू केला की दोन्ही आकडे शून्यावर. असं का होतं?

उत्तर : आफ्टरबर्नरमधली बरोबरची खूण दाबली की बदल फक्त त्या सत्रापुरता लागू होतो. तो कायम हवा असेल तर तीन गोष्टी कराव्या लागतात आणि बहुतेकांची तिसरी राहून जाते. आधी सेव्हचं बटण दाबून १ ते ५ पैकी एखाद्या प्रोफाइलच्या आकड्यावर क्लिक करा. मग मुख्य खिडकीतलं 'अप्लाय ओव्हरक्लॉकिंग ॲट सिस्टिम स्टार्टअप' चालू करा. बऱ्याच स्किनमध्ये (प्रोग्रामच्या दर्शनी रूपांमध्ये) तिथे विंडोजचं चिन्ह किंवा 'स्टार्टअप' एवढंच असतं. तिसरी गोष्ट म्हणजे सेटिंग्जच्या जनरल टॅबमधलं 'स्टार्ट विथ विंडोज'. प्रोग्रामच सुरू झाला नाही तर सेटिंग लावणार कोण? जोडीला 'स्टार्ट मिनिमाइझ्ड' ठेवलंत तर खिडकी दरवेळी समोर येणार नाही.

तिन्ही केलेलं असूनही आकडे उडत असतील तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपकडे पाहा. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर पूर्ण बंद होत नाहीत, त्यांची स्थिती डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तशीच उचलली जाते. 'रीस्टार्ट'मध्ये असं होत नाही. त्यामुळे ओळखायला सोपं आहे : एकदा रीस्टार्ट करा, एकदा शट डाउन करून पुन्हा चालू करा. रीस्टार्टनंतर सेटिंग राहतं आणि शट डाउननंतर जातं असं दिसलं तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. ती फिकी दिसली तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' या ओळीवर आधी क्लिक करा.

तुमची आफ्टरबर्नरची आवृत्ती फार जुनी असेल तर ती आधी बदला. जुन्या आवृत्त्यांमधल्या आरटीकोअर६४ या ड्रायव्हर फाइलमध्ये सुरक्षेची त्रुटी होती आणि विंडोज ११ असे ड्रायव्हर अडवतं. त्यासाठी मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षेची सोय बंद करण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो मानू नका, नवी आवृत्ती घाला.

प्रश्न : माझं सेटिंग बूट झाल्यावर राहतं, पण लॅपटॉप स्लीपमधून उठला किंवा चार्जर काढून परत लावला की जातं.

उत्तर : इथे बहुधा दोन हात एकाच स्लायडरवर आहेत. आर्मरी क्रेट, लेनोव्हो व्हँटेज, ओमेन गेमिंग हब, प्रिडेटरसेन्स यांसारखी कंपनीची सॉफ्टवेअर चार्जर लागला, निघाला किंवा परफॉर्मन्स मोड बदलला की पॉवरची सेटिंग नव्याने लावतात. काहींमध्ये त्या मोडचा स्वतःचा जीपीयू ऑफसेट (ग्राफिक्स चिपच्या मूळ वेगात केलेली वाढ किंवा घट) असतो आणि तो तुमच्या आकड्यावर बसतो. एनव्हिडिया ॲपमधलं ऑटोमॅटिक ट्यूनिंग चालू असेल तर तो तिसरा हात. एकच ठेवा. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅन्युअल मोड आणि त्यात कोअर-मेमरी ऑफसेट मिळत असेल तर तिथेच आकडे भरा आणि आफ्टरबर्नर फक्त तापमान पाहायला वापरा. आमच्या मते लॅपटॉपवर हाच मार्ग जास्त टिकाऊ ठरतो, कारण मोड बदलला तरी सेटिंग त्या मोडबरोबर परत येतं.

दुसरं कारण कार्डाच्या झोपेचं. दोन जीपीयू (प्रोसेसरमधला छोटा आणि वेगळं मोठं कार्ड) असलेल्या लॅपटॉपमध्ये काम नसलं की मोठ्या कार्डाचा वीजपुरवठा पूर्ण तोडला जातो. काही लॅपटॉप-ड्रायव्हर जोड्यांत ते पुन्हा जागं होतं तेव्हा ऑफसेट परत लागत नाही. यावर टास्क शेड्युलरचा चांगला उपाय आहे. नवं टास्क करा, 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर खूण करा. ट्रिगरमध्ये 'ऑन ॲन इव्हेंट' निवडून लॉग सिस्टिम, सोर्स पॉवर-ट्रबलशूटर, इव्हेंट आयडी १ भरा. लॅपटॉप स्लीपमधून उठला की हीच नोंद होते. ॲक्शनमध्ये आफ्टरबर्नरची मुख्य फाइल द्या आणि आर्ग्युमेंट्सच्या रकान्यात वजाचं चिन्ह, त्याला चिकटून प्रोफाइल हा शब्द आणि लगेच १ हा आकडा, मध्ये जागा न सोडता, इंग्रजीत लिहा. म्हणजे पहिलं प्रोफाइल लागेल.

आता कंडिशन्स टॅब उघडा. तिथे 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' ही खूण आधीपासूनच असते. लॅपटॉप बॅटरीवर उठला तर टास्क चालतच नाही आणि चूक कुठे झाली हे कळत नाही. ती खूण काढा.

प्रश्न : स्लायडर +१५० वरच आहे, तरी खेळात क्लॉक पूर्वीइतकीच दिसते. सेटिंग लागलं की नाही हे कसं ओळखायचं?

उत्तर : हा प्रश्न खरं तर सगळ्यांनी सर्वांत आधी विचारायला हवा. सेटिंग पुसलं जाणं आणि सेटिंग असूनही क्लॉक न वाढणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. पहिल्या टॅबवर 'जीपीयू क्लॉक' आणि त्याखाली 'डिफॉल्ट क्लॉक' अशा दोन ओळी असतात. दोन्हींत फरक दिसला तर ऑफसेट लागलेला आहे, आकडे सारखे असतील तर तो पुसला गेला आहे. आफ्टरबर्नरच्या स्लायडरवर विसंबू नका. ड्रायव्हर मध्येच कोसळून सावरला तर स्लायडर जुनाच आकडा दाखवत राहू शकतो.

ऑफसेट लागलेला असेल तर सेन्सर्स टॅबमधली 'परफकॅप रीझन' ही ओळ खेळ चालू असताना पाहा. पीडब्ल्यूआर म्हणजे कार्ड वीजमर्यादेला टेकलं, थर्म म्हणजे तापमानाला, व्हीरेल म्हणजे व्होल्टेजच्या मर्यादेला. आयडल दिसलं तर कार्डाला पुरेसं कामच नाही. तेव्हा प्रोसेसर मागे पडतोय का, किंवा खेळाला फ्रेमची मर्यादा लावली आहे का ते बघा.

लॅपटॉपवर बहुतेक वेळा पीडब्ल्यूआर दिसतं. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप हे एकच नाव असलेलं कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादांवर विकलं जातं, आणि ती मर्यादा व्हीबायोसमध्ये (कार्डाच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ठरलेली असते. ऑफसेट वाढवल्याने वॉट वाढत नाहीत. तेवढ्याच विजेत थोडी जास्त क्लॉक मिळते, इतकंच. अशा वेळी ऑफसेट वाढवत बसण्यापेक्षा व्होल्टेज उतरवणं फायद्याचं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज आणि क्लॉकची वक्ररेषा उघडा. आधी कोअर ऑफसेट -२०० करून लावा, म्हणजे सगळी रेषा खाली येईल. मग ८५० मिलिव्होल्टचा ठिपका वर ओढून खेळात मिळणाऱ्या नेहमीच्या क्लॉकवर ठेवा आणि बरोबरची खूण दाबा. उजवीकडचे ठिपके सपाट होतात. खेळ कोसळला तर तो ठिपका १५ मेगाहर्ट्झने खाली घ्या.

ही रेषा तापमानानुसार सरकते. थंड कार्डावर साठवलेली रेषा कार्ड तापल्यावर १५-३० मेगाहर्ट्झ खाली दिसली तर प्रोफाइल बिघडलं असं समजू नका.

प्रश्न : खेळता खेळता पडदा क्षणभर काळा होतो आणि त्यानंतर ओव्हरक्लॉक गेलेलं असतं.

उत्तर : ऑफसेट जास्त झाला आहे. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं आणि कार्ड मूळ क्लॉकवर येतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडून डिस्प्ले या सोर्सची ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. ती त्या वेळेची असेल तर शंका नको. रजिस्ट्रीत हे २ सेकंद वाढवण्याची युक्ती सांगितली जाते, पण त्याने क्लॉक स्थिर होत नाही, पडदा जास्त वेळ गोठतो एवढंच.

कोअर १५-१५ ने आणि मेमरी १००-१०० ने खाली आणा, पण एका वेळी एकच, नाहीतर दोष कोणाचा ते कळणार नाही. मेमरीच्या बाबतीत आणखी सावध राहा. नव्या कार्डांत मेमरी चुकली की तोच डेटा पुन्हा पाठवला जातो, म्हणून खेळ कोसळत नाही पण फ्रेम कमी होतात. प्रत्येक पायरीला तोच एक बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवा आणि गुण घसरायला लागले की १०० मागे या. आकडे स्थिर ठरेपर्यंत 'स्टार्टअप'चं बटण बंदच ठेवा, म्हणजे अस्थिर सेटिंग प्रत्येक बूटला आपोआप लागणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे पॉवर लिमिट आणि कोअर व्होल्टेजचे स्लायडर फिके आहेत, हलतच नाहीत.

उत्तर : पॉवर लिमिट लॅपटॉपच्या निर्मात्याने व्हीबायोसमध्ये बंद केलेली असते, आफ्टरबर्नरमधून ती उघडत नाही. व्होल्टेजसाठी सेटिंग्जमधलं 'अनलॉक व्होल्टेज कंट्रोल' करून बघा, पण लॅपटॉपवर बहुधा तेही चालत नाही. दुसऱ्या मॉडेलचं व्हीबायोस घालण्याच्या फंदात पडू नका. त्या कार्डाचा वीजपुरवठा आणि कूलिंग तुमच्या लॅपटॉपमध्ये नसतं. कोअर आणि मेमरीचे स्लायडरही फिके असतील तर आफ्टरबर्नर प्रोसेसरमधल्या छोट्या जीपीयूकडे बघत असण्याची शक्यता आहे. सेटिंग्जच्या जनरल टॅबमध्ये सगळ्यात वर मास्टर ग्राफिक्स प्रोसेसर निवडता येतो, तिथे मोठं कार्ड निवडा.