विद्यापीठाच्या शिबिराला निघालेल्या गोलकीपरला पत्र

चिरंजीव बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पोचला. गोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या शिबिराला तुझं नाव लागलं हे वाचून फार बरं वाटलं. पुढे तू लिहिलंस की त्याच रविवारी शेजारच्या गावची मंडळी आंतरग्राम स्पर्धेसाठी तुला गोलात उभं करायला रोख पैसे देतायत, तर दोन्हीकडे कसं जमवू? जमवू नकोस. शिबिराला जा.

घरी पैशाची गरज आहे हे मला ठाऊक आहे. खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीत किती अंगणांत खनिज वाहणारे ट्रक नुसते उभे राहिले ते मी पाहिलंय, त्यामुळे त्या पैशाला मी कमी लेखत नाही. गावच्या फुटबॉललाही नाही. भात कापून झालं की त्याच शेतात गोल रोवून खेळणाऱ्या पोरांनीच गोव्याचं फुटबॉल उभं केलंय. तूही तिथंच शिकलास. पण ती स्पर्धा पुढच्या वर्षी असेल, दहा वर्षांनीही असेल. हे शिबिर ज्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी आहे, ती खेळायला वयाची अट आहे 17 ते 25. त्यातही तू कॉलेजात नाव असेपर्यंतच. बी.ए. आणि एम.ए. धरलं तर हाताशी पाच हंगाम, आणि त्यातला एक तुझा गेलाय.

विद्यापीठाची ही जर्सी गोव्याला उशिरा मिळाली, हेही ध्यानात घे. धेंपे आणि चौगुले ही कॉलेजं 1962 मध्ये सुरू झाली, पण गोवा विद्यापीठ झालं 1985 मध्ये. मधली सगळी वर्षं आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या मुलाला विद्यापीठाकडून खेळायचं तर अख्ख्या मुंबईतल्या कॉलेजांच्या खेळाडूंमधून वर यावं लागे. त्याच्याही आधी, गोवा पोर्तुगीजांकडे असताना, मडगावात जन्मलेला दिलीप सरदेसाई मुंबईत शिकला आणि 1959-60 च्या रोहिंटन बारिया करंडकात, म्हणजे आंतरविद्यापीठ क्रिकेटमध्ये, त्यानं 435 धावा केल्या. पुढच्या हंगामात पाकिस्तानचा संघ आला तेव्हा भारतीय विद्यापीठांच्या संघात तो होता, आणि 1961 मध्ये कसोटीत. 1971 ला वेस्ट इंडिजमध्ये त्यानं काढलेल्या 642 धावा सगळ्यांना पाठ असतात. मला मात्र ते 435 जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण त्याच्याकडे लोकांचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते तिथं.

गोवा विद्यापीठ लहान आहे. पश्चिम विभागात आपल्यासमोर मुंबई, पुणे, कोल्हापूरची विद्यापीठं, शिवाय गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश. त्यांच्या एकेका विद्यापीठाला शेकड्यांनी कॉलेजं. सगळ्या खेळांत मिळून उत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना आझाद करंडक मिळतो, तो बहुतेक वेळा पंजाब-चंदीगडकडेच जातो आणि आपण त्या शर्यतीत नसतो. पण फुटबॉलच्या ड्रॉमध्ये गोव्याचं नाव निघालं की समोरचा प्रशिक्षक आपली मॅच बघायला येऊन बसतो. हा मान मागच्या पोरांनी मिळवलाय. तुमच्या बॅचला तो सांभाळायचा आहे. विभागात पहिल्या चारांत आलात तर अखिल भारतीय फेरी, आणि तिथं वरचा नंबर लागला तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा.

आता मुख्य गोष्ट. शिबिरात तू बहुधा दुसरा गोलकीपर ठरशील. पहिला दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा आहे, त्याला मी पाहिलंय. उंच आहे, क्रॉस छान उचलतो, आणि लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलाय. इथंच बरीच पोरं ढेपाळतात. बेंचवर बसायचं तर गावात खेळलेलं काय वाईट, असं म्हणून दुसऱ्या आठवड्यात शिबिर सोडतात. तू सोडू नकोस. दुसऱ्या गोलकीपरचं काम मोठं असतं. मॅचआधी पहिल्याला वॉर्म-अप देणारा तूच. तू चेंडू आळसानं मारलेस तर तो अर्धवट जागा झालेला मैदानात उतरेल. बेंचवरून समोरच्या संघाचा कॉर्नर कोण घेतो, डाव्या पायाचा आहे की उजव्या, पेनल्टीला धावत येताना थबकतो का, हे टिपून ठेव आणि हाफटाइमला त्याला सांग. त्याच्याशी बोल. तू मराठीत बोलशील, तो कोंकणीत, अडचण येणार नाही. उत्तरेकडच्या पेडण्याचा मुलगा आणि दक्षिणेकडच्या केप्याचा मुलगा एका खोलीत पंधरा दिवस राहतात असे प्रसंग आपल्याकडे फार नाहीत, ते या संघामुळे येतात. आणि झोनलला, म्हणजे पश्चिम विभागाच्या स्पर्धेत, रोज एक मॅच असली की कोणाचं बोट कधी मुरगळेल सांगता येत नाही. त्या दिवशी तुला पाच मिनिटांत उभं राहावं लागेल.

गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव तुझ्या वडिलांनी सांगितलंच असेल. ते ताळगावचे, आणि आपलं विद्यापीठ त्याच ताळगावच्या पठारावर आहे. 1984 मध्ये मद्रासला त्यांच्या कप्तानीखाली गोव्यानं राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी पहिल्यांदा एकट्यानं, कुणाशी वाटून न घेता, जिंकली, तेव्हा अख्ख्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. ते यश जितकं त्यांच्या हातांचं, तितकंच त्यांच्या समोर उभ्या बचावफळीचं. म्हणून तुझ्याविषयी माझी एकच तक्रार आहे. तू गोलात गप्प असतोस. बचावपटूला त्याच्या पाठीमागचं दिसत नाही, ते तुला दिसतं. मोठ्यानं सांग, नाव घेऊन सांग, आणि चेंडू येण्याआधी सांग. शिबिरात पहिल्या दिवसापासून आवाज काढ. तुझ्याहून सीनियर पोरांना हाक मारायची भीड वाटेल. मैदानात ती बाजूला ठेव.

झोनल थंडीत असते. राजस्थान किंवा मध्य प्रदेशात पडली तर सकाळच्या मॅचला बोटं बधिर होतात. आपल्या पोरांना त्या थंडीची सवय नसते. चेंडू दगडासारखा लागतो आणि नेहमीचा सोपा कॅच हातातून निसटतो. म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं धरायच्या भानगडीत न पडता चेंडू बाजूला ढकल. ग्लोव्हजच्या आतून घालायला पातळ लोकरीचे हातमोजे ने. ट्रेनमध्ये बाहेरचं पाणी पिऊ नकोस.

कागदपत्रांकडे आजच बघ. पात्रता अर्जाला दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची मार्कशीट, कॉलेजचं ओळखपत्र, फोटो हे सगळं लागतं, आणि सगळीकडे नाव तेच हवं. आपल्याकडे आडनावं बदलून घेण्याची पद्धत आहे. एका चांगल्या विंगरच्या दहावीच्या कागदावर एक आडनाव होतं आणि ओळखपत्रावर दुसरं. स्पर्धेच्या ठिकाणी तपासणीत तो अडकला आणि एकही मॅच न खेळता परत आला. तुझ्या घरात आडनाव बदललेलं आहे हे मला आठवतं. गॅझेटची प्रत काढून ठेव.

हजेरीचंही तसंच. टूरवर जाण्याआधी पत्र विभागप्रमुखांच्या हातात दे, पोचची सही घे. त्या दिवसांत आयएसए, म्हणजे सत्रातली अंतर्गत परीक्षा, आली तर पुन्हा घेण्याची विनंती आधीच लेखी कर. परत आल्यावर तोंडी सांगत फिरलास तर चांगले शिक्षकसुद्धा तुझ्यासाठी काही करू शकणार नाहीत. क्रीडागुणांचा अर्जही वेळेत भर. ते मागायला लाजू नकोस, ते तू कमावलेले असतात.

गावच्या मंडळींना मी फोन करतो. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी आहे, तो समजून घेईल. कॉलेजच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात त्यांच्यासाठी मनापासून खेळ.

रविवारी सकाळी साडेसहाला डिचोली स्टँडवर ये. मला पणजीला यायचंच आहे, गाडीतून पठारावर सोडतो. येताना ते गॅझेट घेऊन ये, झेरॉक्स वाटेत काढू. आईला नमस्कार सांग.

तुझा,
सर