मुळं शोधायला आलेल्या पाहुण्यासोबत जाताना

लहानपणी परदेशात दत्तक गेलेली मुलगी खान्देशात येतेय, तुम्ही पहिल्यांदाच तिच्यासोबत दुभाषी म्हणून जाणार आहात. तर आधी हे पक्कं करा: जन्मदात्यांचा शोध तिचा आहे. दत्तक नियमावली २०२२ प्रमाणे त्रयस्थाला असा शोध घेताच येत नाही. वय १८ च्या वर असेल तर अर्ज तिनेच कारा (दत्तक प्रकरणं पाहणारी केंद्र सरकारची संस्था) किंवा तिच्या देशातल्या अधिकृत संस्थेमार्फत करायचा. जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्या आईच्या लेखी संमतीशिवाय तिची ओळख सांगितली जात नाही. हे विमानात बसण्याआधीच मुलीला स्पष्ट सांगा, इथे येऊन कळलं तर फार लागतं.

कागद वाचताना जिल्ह्यावर फसायला होतं. नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधीच्या कागदांवर धुळेच असणार. बेवारस सापडलेल्या बाळाची जन्मतारीख बहुधा अंदाजाची असते, संस्थेने ठेवलेलं नावही. त्यावर नातं जोडू नका.

गावात पारावर चौकशी अजिबात नको. "कोणाची पोर?" एवढ्या प्रश्नावर गाव गोळा होतं, आणि एखाद्या बाईचा संसार उघडा पडतो.

तिला दोन-चार वाक्यं अहिराणीची द्या. "तुनं नाव काय शे?" कोणी विचारलं तर तिला स्वतः उत्तर देता यावं. जेवायला कळण्याची भाकरी, भरीत. मिरची बेताची, सोबत दही. ती गप्प झाली तर लगेच भाषांतर करू नका. बसू द्या.