आणीबाणीसाठी ठेवलेली काडेपेटी पावसाळ्यात ऐनवेळी पेटत नाही. ती भरवशाची कशी ठेवावी?

वीज गेल्यावर हाताशी असावी म्हणून बाजूला ठेवलेली काडेपेटी मुंबईच्या पावसाळ्यात नेमकी दगा देते, असे आपण लिहिले आहे. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा काडीचा नसतो, पेटीच्या कडेच्या पट्टीचा असतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आम्ही कलिन्यात दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. घरात पाण्याचा थेंब शिरला नव्हता आणि ओट्याखालच्या खणात तीन काडेपेट्या होत्या. तरीही आईने ओढलेल्या प्रत्येक काडीबरोबर पट्टीचा तपकिरी थर ओल्या मातीसारखा निघून येत होता आणि ठिणगी काही पडत नव्हती. शेवटी शेजारच्या काकूंनी बरणीत ठेवलेल्या पेटीने आमचा दिवा लागला.

काडीच्या टोकावरच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते, तर तांबडा फॉस्फरस आणि काचेची पूड पट्टीवर असते. हे सारे सरसाने बसवलेले असते, आणि सरस दमट हवेतली ओल शोषून मऊ पडतो. म्हणून काड्या कोरड्या असूनही पट्टी गेली, तर सारेच व्यर्थ.

तेव्हापासून मी काड्या आणि पट्टीचा कापलेला तुकडा, दोन्ही एकमेकांवर घासणार नाहीत अशा रीतीने कागदात वेगवेगळे गुंडाळून, फिरकीच्या घट्ट झाकणाच्या काचेच्या लहान बरणीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवतो. स्टीलचा डबा दिसायला घट्ट असला, तरी त्याच्या झाकणातून हवा जाते. बरणीची परीक्षा सोपी आहे: आत कोरडा टिपकागद घालून ती रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी आणि सकाळी कागद हाताला ओलसर लागल्यास ती बरणी सरळ लोणच्याला द्यावी. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी मी बरणीतल्या दोन-तीन काड्या ओढून पाहतो, उरलेल्या देवघरात वापरायला काढतो आणि नव्या भरतो. न वापरता वर्षानुवर्षे जपलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही.

कापूर ओला असतानाही पेट घेतो, म्हणून जवळ असावाच, पण उघडा राहिला तर तो हवेत उडून जातो. लायटरमधला गॅस न वापरताही हळूहळू कमी होतो; त्यामुळे काड्या ओढून पाहाल त्याच दिवशी लायटरही पेटवून पाहावा आणि उन्हात किंवा शेगडीजवळ कधीही ठेवू नये.

घरात पुराचे पाणी शिरले असेल, तर बरणी उघडण्याआधी सिलिंडरचा किंवा पाइपगॅसचा वास येतो का ते अवश्य पाहा. वास आला, तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर पडा. त्या वेळी टॉर्चसुद्धा बाहेर गेल्यावरच लावावा.