प्रश्न तुमचे: मोठा बंद घ्यावा की छोटा चालू?

प्रश्न: दादा, नुकताच एक सेकंडहँड टर्नटेबल हाती लागलाय आणि आता त्याला जोडायला ७०च्या दशकातला तो चकचकीत सिल्व्हर फेसचा, निळसर डायलचा स्टिरिओ रिसीव्हर (अँप आणि रेडिओ एकाच डब्यात) हवाय. बजेट अगदीच तुटपुंजं आहे. सध्या दोन नजरेत आहेत. एक मोठा, १०० वॉटच्या वरचा, पण विकणारा म्हणतो "चेक केलेला नाही, जसा आहे तसा घ्या". दुसरा त्याच कंपनीचा धाकटा, १५ वॉटचा, चालू आहे, फक्त व्हॉल्यूम फिरवला की खरखरतो आणि डायलचा एक दिवा गेलाय. किंमत दोघांची जवळपास सारखीच. मित्र म्हणतात १५ वॉट म्हणजे खेळणं. काय करू?

उत्तर: धाकटा घ्या. आता का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी ते "चेक केलेला नाही" प्रकरण. अहो, विकणाऱ्याच्या घरात प्लग नाही असं थोडंच आहे? लावून बघितलेला असतो, आवाज आलेला नसतो, किंवा नको तो आवाज आणि वास आलेला असतो, म्हणून मग तो "चेक केलेला नाही" होतो. कधीकधी माणूस खरंच प्रामाणिक असतो, आजोबांच्या खोलीतून निघाला आणि त्याला हात लावायची भीती वाटली वगैरे, पण टाइट बजेटमध्ये आपण वाईट तेच धरून चालायचं. मोठ्या रिसीव्हरमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर जास्त, पॉवर सप्लायचे कपॅसिटर मोठे, बोर्ड जास्त, आणि बिघडला की बिलही त्याच हिशोबात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते याच्यासाठीच.

माझंच सांगतो. मी एकदा असाच एक मोठा उचलला, "थोडा हम (गुंईऽ असा आवाज) येतो फक्त" असं विकणाऱ्याने सांगितलेलं. उघडला तर आउटपुटला ट्रान्झिस्टरच्या जागी एसटीके मॉड्यूल. ७०च्या शेवटी शेवटी बऱ्याच कंपन्यांनी सुटे ट्रान्झिस्टर सोडून सान्योचे हे रेडिमेड हायब्रिड मॉड्यूल वापरायला सुरुवात केली होती, चालतात छान, पण आता ओरिजिनल मिळणं कठीण आणि बाजारात नकली माल भरपूर. माझ्याही नशिबी नकलीच आला, दहा मिनिटं वाजला आणि बसला. तो सेट अजून माळ्यावर आहे, दिसायला मात्र राजा! म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलमध्ये आउटपुटला काय आहे एवढं तरी शोधून ठेवा.

आता वॉटचं. मित्रांना सांगा की कान वॉट मोजत नाही. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे "हं, थोडा वाढलाय" इतकंच. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. पायोनियरच्या १९७६च्या सुमाराच्या सिरीजचंच बघा, सगळ्यात मोठा एसएक्स-१२५० चॅनलमागे १६० वॉटचा आणि तळाशी एसएक्स-४५० हा १५ वॉटचा. वजनात, किमतीत, रुबाबात जमीन-अस्मानाचा फरक, आणि कानाला फरक म्हणाल तर पूर्ण ताणल्यावर साधारण दुप्पट. आता तुमचा स्पीकर ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एक वॉटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा) असेल तर १५ वॉटमध्ये तो एक मीटरवर १०० डेसिबलच्या वर जातो, शेजारी भांडायला यायला तेवढं पुरे. खोलीत रोज ऐकताना आपण बहुतेक वेळ एक-दोन वॉटच्या आतच असतो. हां, स्पीकर ८४-८५ डेसिबलवाले असतील किंवा हॉल मोठा असेल तर मग ३०-४० वॉटचा शोधा, ते मान्य.

मॉडेल नंबरवरून कधीकधी लगेच कळतं बरं का. मारांट्झच्या २२०० सिरीजमध्ये शेवटचे दोन आकडे म्हणजेच वॉट, २२१५ म्हणजे १५, २२३० म्हणजे ३०, २२७० म्हणजे ७०. आणि वॉटचा आकडा कुठल्या काळातला आहे तेही बघा, कारण १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की जाहिरातीत सलग देता येणारी पॉवरच छापायची, आणि ती किती ओहमला, कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत, किती डिस्टॉर्शनला हेही सांगायचं. त्याआधी "म्युझिक पॉवर", "पीक पॉवर" असले फुगवलेले आकडे सर्रास चालायचे. म्हणून ६०च्या दशकातल्या सेटवर मोठा आकडा दिसला तर हुरळू नका, आणि ७०च्या उत्तरार्धातल्या सेटवर १५ दिसला तर तो खरा १५ असतो.

बजेटचं म्हणाल तर माझा साधा हिशोब आहे, सगळे पैसे सेटवर उधळायचे नाहीत, निदान पाव हिस्सा सर्व्हिसिंगला मागे ठेवायचा. चालू सेटलाही लागतोच. तुमच्या धाकट्याची खरखर ही बहुतेक व्हॉल्यूमच्या पॉटमधली (नॉबमागच्या फिरत्या भागातली) धूळ आणि ऑक्साइड, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की बऱ्याचदा गायब होते. दिवा तर किरकोळ. फक्त त्याच व्होल्टेजचा टाका आणि फार गरम होणारा टाकू नका, नाहीतर डायलचं प्लॅस्टिक वितळतं.

घ्यायला जाल तेव्हा घाई करू नका. सोबत घरात पडलेले कुठलेतरी जुने स्वस्त स्पीकर न्या, आपले चांगले स्पीकर अनोळखी सेटला पहिल्या दिवशी लावायचे नाहीत म्हणजे नाहीत. आणि एक साधा मल्टिमीटर. सेट ऑन केला की काही सेकंदांनी आतून "टक" असा आवाज येतो, तो स्पीकर प्रोटेक्शनचा रिले, आला की समजायचं आतल्या सर्किटला सगळं ठीक वाटतंय. (काही लहान आणि जुन्या सेटना रिलेच नसतो, तिथे टक ऐकायला बसू नका.) मग स्पीकर काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, दहा मिनिटांनी स्पीकर टर्मिनलच्या लाल-काळ्यामध्ये डीसी मिलिव्होल्ट मोजा, दोन्ही बाजूंना. ५०च्या आत असेल तर मस्त, १००च्या वर गेला तर मेकॅनिकला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि व्होल्टमध्ये दाखवायला लागला तर प्लग काढा आणि नमस्कार करून निघा. यात एक गंमत आहे, रिले लागलाच नसेल किंवा स्पीकरचा स्विच ऑफ असेल तरी मीटर शून्यच दाखवतो आणि आपण खूश होतो, म्हणून रिले असलेल्या सेटला टक ऐकल्यावरच मोजायचं. नंतर अर्धा तास वाजू द्या, सगळी बटणं दाबून बघा, बॅलन्स या कानातून त्या कानात न्या, एफएम लावून स्टिरिओचा दिवा लागतो का बघा. हीटसिंकची एक बाजू कोमट आणि दुसरी चटका देणारी असं नको. टर्नटेबल लावायचाय ना, मग फोनोवर (टर्नटेबलसाठीच्या इनपुटवर) टाकून व्हॉल्यूम थोडा वर न्या, दोन्ही बाजूंनी बारीक सारखीच सळसळ यायला हवी, एक बाजू ठार गप्प असेल तर तिथे शंका घ्या.

"फुल रिकॅप केलाय", म्हणजे सगळे जुने कपॅसिटर बदललेत, असं ऐकलं की लोक जास्त पैसे मोजायला तयार होतात. मी नसतो. कुणी केलाय ते माहीत नसेल तर मला न उघडलेला, चालणारा सेट बरा वाटतो, कारण वाईट सोल्डरिंग शोधत बसण्यापेक्षा जुना कपॅसिटर बदलणं सोपं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात हे खरं, पण सगळेच एकदम मरत नाहीत, जो गेलाय तो बदला.

आणि खरंच पैसे कमी असतील तर दोन पळवाटा. रेडिओ ऐकायचाच नसेल तर रिसीव्हर सोडून नुसता इंटिग्रेटेड अँप घ्या, फोनो इनपुट त्यातही असतं. किंवा ८०च्या दशकातले काळे, चौकोनी, कुणालाच न आवडणारे रिसीव्हर बघा, सगळी गर्दी सिल्व्हर फेसच्या मागे असल्यामुळे हे बिचारे कोपऱ्यात पडलेले असतात, आणि डोळे मिटले की तोंडाचा रंग ऐकू येत नाही.

प्रश्न: माझ्याकडच्या जुन्या रिसीव्हरचा डावा चॅनल मधेच जातो, व्हॉल्यूम जोरात वाढवला की "फट्" करून परत येतो. मेकॅनिक म्हणतो आउटपुट बोर्डच बदलायला लागेल. विकून टाकू का?

उत्तर: थांबा हो! आवाज वाढवल्यावर परत येतो ही रिलेच्या घाण झालेल्या कॉन्टॅक्टची अगदी ठरलेली खूण आहे, जोरात करंट गेला की कॉन्टॅक्ट तेवढ्यापुरता जागा होतो. रिले बदलायचा किंवा साफ करायचा, बास. त्याआधी फुकटात होणारी गोष्ट म्हणजे सेट बंद करून टेप मॉनिटर (आवाज टेपरेकॉर्डरवरून फिरवून आणणारं बटण), मोनो-स्टिरिओ, स्पीकर ए-बी हे सगळे स्विच प्रत्येकी वीसेक वेळा खालीवर करा, वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेले असतात.

आणि हो, मागच्या बाजूला प्रीआउट आणि मेन-इन (आवाज मधेच बाहेर काढून पुन्हा आत घेणारी) अशी भोकं असतील तर त्यांच्यामधल्या धातूच्या छोट्या क्लिपा जागेवर आणि घट्ट आहेत ना ते बघा. त्या पडल्या की आवाजच येत नाही. टेप मॉनिटर दाबलेला राहिला तरी तेच. वरच्या पत्रातल्या "जसा आहे तसा"वाल्यांमध्ये शंभरात एखादा असा निघतो की ज्याला फक्त ही क्लिप हवी असते, मला एकदा मिळालाय, साध्या आरसीए वायरीने जोडला आणि वाजायला लागला. पण ती लॉटरी, लॉटरीच्या भरवशावर बजेट बांधू नका.

प्रश्न: जपानमधून आलेला एक सेट स्वस्तात मिळतोय, एकदम नव्यासारखा. घेऊ?

उत्तर: मागची पट्टी वाचा. १०० व्होल्ट लिहिलं असेल आणि आत व्होल्टेज सिलेक्टर नसेल तर २२० ते २४० व्होल्टच्या सप्लायवर तो थेट लावला की संपला, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो सेटच्या खपापेक्षा बऱ्यापैकी जास्त वॉटचा हवा, नाहीतर तोच तापून बसतो. त्याची किंमत आधी सेटच्या किमतीत धरा आणि मग स्वस्त आहे का ते बघा. शिवाय जपानच्या घरगुती मॉडेलचा एफएम डायल ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी स्टेशनं ८८ ते १०८मध्ये असतात, म्हणजे रेडिओ जवळपास शोभेचाच. फक्त टर्नटेबल आणि फोन जोडून ऐकणार असाल तर चालेल. फोन ऑक्समध्ये (टर्नटेबल सोडून बाकी उपकरणांच्या साध्या इनपुटमध्ये) लावायचा, फोनोमध्ये नाही, तिथे तो नुसता फाटका आवाज देतो.