सही तुमची, पण समजावलं कोणी?

प्रश्न : बेरिअ‍ॅट्रिक ऑपरेशननंतर माझं वजन ५२ किलोंनी उतरलं. पोटाची लोंबती कातडी काढायला पुण्यात टमी टक केलं, ३ लाख १० हजार भरले. पाचव्या दिवशी बेंबीखालची कातडी काळी पडली. ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांना दाखवली, सर्जन मात्र नवव्या दिवशी आले. टाके उसवले, दुसरं ऑपरेशन झालं. हॉस्पिटल म्हणतं, धोके फॉर्मवर होते, तुमची सही आहे. फॉर्म इंग्रजीत होता, आत नेताना सही घेतली. सिगारेट ओढता का, एवढंच विचारलं. मी मिश्री लावते. १४ महिने झाले. केस होईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, होईल. पण ‘कातडी काळी पडली’ एवढ्यावर नाही. खूप वजन उतरलेल्यांना टमी टकनंतर जखम उसवणं, आत पाणी साचणं, कडेची कातडी मरणं हे त्रास जास्त होतात. चांगल्या सर्जनच्या हातूनही होतात. त्याला कोर्ट निष्काळजीपणा म्हणत नाही.

तुमची बाजू दोन ठिकाणी आहे. पहिली, सही. समीरा कोहली खटल्यात (२००८) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संमतीआधी उपचार काय, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते हे रुग्णाला कळेल असं सांगायला हवं. अगदी क्वचित होणारा धोका सांगितला नाही तर चालतं. हा धोका तसा नाही. आणि ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हती, समजावायला वेळ होता.

दुसरी, ते चार दिवस. माझ्या मते खरी केस इथे आहे. पाचव्या दिवशी तुम्ही दाखवलं, हे नर्सिंग नोट्समध्ये आहे का? म्हणून आधी कागद मिळवा. केसपेपर, संमतीपत्र, नर्सिंग नोट्स, दोन्ही ऑपरेशनच्या नोंदी, सगळ्याच्या प्रती लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. मोबाइलमधले जखमेचे फोटो तारखेसकट जपा. मग दुसऱ्या प्लास्टिक सर्जनचं लेखी मत घ्या. प्रत्येक केसमध्ये ते सक्तीचं नाही, पण तुमच्या केसमध्ये त्याशिवाय जाऊ नका.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल. २०१९ च्या कायद्याने राहत्या ठिकाणी दाद मागायची सोय झाली. हॉस्पिटलला भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणजे हातात दहा महिने आहेत. हॉस्पिटलशी ‘बोलणी चालू आहेत’ म्हणून ती थांबत नाही. पोलिसांत जायचा सल्ला मी देणार नाही. तिथे घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

राहिली मिश्री. तिच्यातही निकोटिन असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही. समोरचा वकील हेच काढणार. केसपेपरवर ‘तंबाखू’ विचारल्याची नोंद असली तर अडचण आहे, नुसती ‘सिगारेट’ असली तर प्रश्न त्यांच्यावर उलटतो. काहीही असो, तक्रारीत मिश्रीचा उल्लेख तुम्हीच करा. उलटतपासणीत ती पहिल्यांदा निघाली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही आयोगाला शंका येईल.