ऑस्ट्रेलियाची पीआर घेऊन तीन वर्षं भारतात थांबायचं असेल तर

१८९ची (कुशल लोकांसाठीच्या व्हिसाची) पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाली आहे, एकदा जाऊन एंट्री करून यायचं, मग तीन वर्षं पुण्यात आई-वडिलांजवळ राहून कायमचं मेलबर्न गाठायचं, असा तुमचा बेत. तो नियमात बसतो. अडचण येते पाचव्या वर्षाच्या शेवटी.

पीआर संपत नाही, संपते ती प्रवासाची परवानगी: ग्रँटच्या, म्हणजे व्हिसा मंजूर झाल्याच्या, तारखेपासून पाच वर्षांनी. तुम्ही पहिल्यांदा कधी पोचलात याच्याशी तिचा संबंध नाही. त्यानंतरही देशात राहा, नोकरी करा, हरकत नाही; पण बाहेर पडलात तर परतायला रेसिडेंट रिटर्न व्हिसा (आरआरव्ही, सबक्लास १५५) लागतो. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत पीआर म्हणून तिथे एकूण दोन वर्षं राहिलेलं असेल, तर आणखी पाच वर्षं मिळतात. दिवस सलग नसले तरी चालतात.

आता तुमचा हिशेब मांडा. तीन वर्षांनी पोचलात तर हातात जेमतेम दोन वर्षं उरतात. त्यात दिवाळीला तीन आठवडे आणि एखाद्या लग्नाला दोन आठवडे घरी आलात की दोन वर्षं भरत नाहीत. पहिल्या एंट्रीच्या फेरीचे दिवस मोजले जातात, पण ते किती असणार! अशा वेळी ऑस्ट्रेलियातच थांबून दिवस भरू द्या, आरआरव्ही हातात आल्यावरच तिकीट काढा. मध्येच निघावं लागलं तर तिथली पक्की नोकरी, घर, मुलांची शाळा असे भरीव संबंध कागदांनिशी दाखवून एक वर्षापर्यंतचा १५५ मिळू शकतो. नुसत्या बँक खात्यावर विसंबू नका. तेही जमलं नाही तर जाण्याचं निकडीचं कारण दाखवून सबक्लास १५७चा आरआरव्ही, तोही तीनच महिन्यांचा. म्हणून माझं मत: तीनऐवजी अडीच वर्षांत निघा.

आरआरव्हीचा अर्ज इमीअकाउंटवरून (व्हिसासाठीचं सरकारी ऑनलाइन खातं), घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. नवी मुदत आरआरव्हीच्या ग्रँटच्या दिवसापासून चालू होते, जुनीत उरलेले महिने तिच्यात मिळवले जात नाहीत. उगाच घाई करू नका.

नागरिकत्वाला चार वर्षांचं वास्तव्य लागतं. त्यात एकूण बाहेर १२ महिन्यांपेक्षा जास्त नाही, शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त नाही. म्हणजे तुमच्यासाठी पीआरच्या ग्रँटनंतरचं सातवं वर्ष, आणि तोवर बाहेर ये-जा करायची तर एक आरआरव्ही ठरलेलाच.

या तीन वर्षांत मूल होणार असेल तर बेत पुन्हा तपासा. भारतात जन्मलेल्या मुलाला तुमची पीआर आपोआप लागू होत नाही; त्याचा वेगळा चाइल्ड व्हिसा (१०१) काढावा लागतो आणि त्याला बराच वेळ जातो. तेच मूल ऑस्ट्रेलियात जन्मलं, तर आई किंवा वडील पीआर असल्यामुळे जन्मतःच तिथलं नागरिक.

पुण्यात असताना पासपोर्ट बदलला तर नवा नंबर लगेच इमीअकाउंटवर भरा आणि व्हेवोवर (व्हिसा तपासायची सरकारी ऑनलाइन सेवा) व्हिसा दिसतोय ना ते पाहा. पासपोर्टवर शिक्का नसतो, त्यामुळे मुंबईच्या चेक-इन काउंटरवर जुन्या नंबरामुळे व्हिसा सापडला नाही तर बोर्डिंग पास मिळत नाही.