फॅमिली फोटोत सगळे ताठ का दिसतात? सहज कसं उभं राहायचं?

तुमचा प्रश्न असा: दिवाळीत आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, सगळं घर जमणार आहे, पण दरवेळी फोटोत सगळे शाळेच्या ग्रुप फोटोसारखे दिसतात. घरच्या घरी, मोबाइलवर, बरे फोटो कसे काढायचे?

मी साताऱ्यात गेली १८ वर्षं लग्न, मुंज, बारशांचे फोटो काढतो, त्यामुळे ताठ माणसं रोज बघतो. 'फोटो' म्हटलं की पुरुषमंडळी राष्ट्रगीताला उभी राहतात आणि बायका पदर सारखा करून श्वास रोखतात. त्यांचा तरी काय दोष? १८३९ साली फोटोग्राफी जगासमोर आली तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. पुढेही बरीच वर्षं माणूस हलू नये म्हणून स्टुडिओत मानेमागे लोखंडी आधार लावत. नंतर रोल आला, तर त्यात फोटो मोजून ३६. 'हलू नका' हे ऐकतच आपली मागची पिढी मोठी झाली.

म्हणून ताठ फोटो टाळू नका, उलट तोच आधी काढा. तो झाल्याशिवाय ज्येष्ठ मंडळींचं समाधान होत नाही. मग मोठ्यानं 'झालं!' म्हणा आणि बटण दाबत राहा. खांदे उतरतात, कोणीतरी कोणाला तरी चिमटा काढतं, काकू 'माझे डोळे मिटले असणार' म्हणतात. तुम्हाला हवा तो फोटो याच पाच सेकंदांत असतो.

मध्यंतरी एका आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला गेलो होतो. खुर्चीत आजोबा, खांद्यावर शाल, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा कोर्टात साक्षीला आल्यासारखा. 'आजोबा, हसा' म्हटलं तर नुसते ओठ ताणले. मी नातीला हळूच सांगितलं, जा, आबांची टोपी नीट कर. ती म्हणाली, "आबा, टोपी वाकडी झालीये." आबा तिच्याकडे बघून म्हणाले, "टोपी सरळच आहे, तुमचा फोटोवाला वाकडा उभा आहे." मागचे सगळे फिस्सकन हसले आणि आजोबाही, दात नसलेलं तोंड उघडून. कॅमेऱ्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. आजींनी फ्रेम मात्र ताठ फोटोचीच करून घेतली, दुसरा नातवंडांच्या मोबाइलवर फिरतोय.

सांगायचं म्हणजे पोज देऊ नका, काम द्या. सगळ्यात जास्त अडचण हातांची होते. ते मोकळे लोंबत राहिले की माणूस अवघडतो. बाबांच्या हातात नातू द्या, आईला त्यांची कॉलर नीट करायला सांगा, कोणाच्या हातात चहाचा कप, कोणी करंज्यांचं ताट धरलेलं. उभ्या माणसानं भार एका पायावर टाकायचा आणि अंग किंचित तिरकं ठेवायचं, एवढं पुरतं. सगळ्यांना एका रांगेत उभं करू नका. वडीलधारे ओट्यावर किंवा झोपाळ्यावर, पोरं पायरीवर, बाकीचे मागे खांद्याला खांदा लावून. 'चीज' वगैरे म्हणायला लावू नका, त्यानं तोंड हसतं पण डोळे कोरडेच राहतात. त्यापेक्षा 'आज सगळ्यात उशिरा कोण आलं, त्याच्याकडे बघा' म्हणा. प्रत्येक घरात असा एक जण असतोच.

मोबाइलचं थोडं. त्याचा नेहमीचा कॅमेरा बराच रुंद बघतो, त्यामुळे कडेची माणसं आडवी ताणली जातात. जाडेपणावरून आधीच चिडणाऱ्या मावशीला कडेला उभं केलंत तर वर्षभर ऐकावं लागेल. चार पावलं मागे जा आणि २ एक्सवर, म्हणजे दुप्पट झूमवर काढा. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळं पडतं. दारातली सावली किंवा संध्याकाळी पाचच्या आसपासचं ऊन बरं. चष्म्यावर उजेड चमकत असेल तर काड्या कानांपासून किंचित वर उचलायला सांगा, फोटोत ते कळत नाही.

आणि डोळे मिटण्याचं गणित खरोखर झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना त्यासाठी २००६ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. २० च्या आत माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीननं भागायचं, कमी उजेडात दोननं. निदान तेवढे फोटो काढायचे, मग एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची बरीच खात्री असते. म्हणजे १५ जणांचे ओट्यावर पाच, पण रात्री आकाशकंदिलाच्या उजेडात आठ.

एक राहिलंच. टायमर लावू नका, दहा सेकंद मोजताना सगळे पुन्हा ताठ होतात. शेजारच्या पोराला हाक मारा, हातात फोन द्या आणि चिवड्याची बशी फोटो झाल्यावर द्या. आधी दिलीत तर लेन्सला तेल लागतं.